दौलताबादचा हौद आणि आपली सहल

वारंगा फाट्यावर तासभर उभं राहिलं तरी देशाचा मोठा तुकडा समोरून जातो. अकोला-हिंगोलीहून नांदेडकडे आणि पुढे तेलंगणात उतरणारा एक राष्ट्रीय महामार्ग, नागपूर-यवतमाळहून नांदेड-लातूरमार्गे तुळजापूरला जाणारा दुसरा, आणि दोघांची गाठ आमच्या फाट्यावर. नांदेडच्या हुजूर साहिबला निघालेले पंजाबी यात्रेकरू, औंढ्याच्या नागनाथाला निघालेल्या तेलंगणातल्या गाड्या, तुळजापूरचे भक्त आणि दसऱ्याच्या सुमारास निळे झेंडे लावून दीक्षाभूमीकडे धावणारे आपले टेम्पो. चहा पिता पिता कुणीतरी हमखास म्हणतं, "काही म्हणा, विविधता पाहावी तर आपल्या देशातच!"

या वाक्याला आमचा आक्षेप आहे. वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. दोनशे किलोमीटरवर भाषा बदलते, भाकरीची पोळी होते, पोळीचा भात होतो, लुगडं नेसण्याची तऱ्हा बदलते. एक गोष्ट मात्र कन्याकुमारीपर्यंत बदलत नाही. "पूर्ण नाव काय?" "गावात कुठल्या बाजूला राहता?" "कौन बिरादरी?" भाषा निराळी, प्रश्न एकच. सरकारने २००२ साली 'अतुल्य भारत' ही जाहिरात मोहीम काढली. तिच्यात वाघ होते, वाळवंट होतं, योगासनं होती. हा प्रश्न कुठल्याच पोस्टरवर नव्हता.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सात जण उत्तर भारतात गेलो होतो. एका तीर्थक्षेत्री रात्री दहाला एका धर्मशाळेत पोचलो. मुनीमाने आधी खोल्या आहेत म्हटलं. मग आधार कार्डं पाहिली, एकाच्या मोबाईलच्या मागे बाबासाहेबांचा फोटो पाहिला, बिरादरी विचारली. आम्ही सांगितलं, "बौद्ध." खोल्या भरल्या. आमच्या मागे उभ्या असलेल्या कुटुंबाला पाच मिनिटांत किल्ली मिळाली. आम्ही रात्र रेल्वे स्टेशनवर काढली.

मित्रांनो, त्या रात्रीची खरी लाज मुनीमाची आहे, पण थोडी आमचीही आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ मध्ये 'धर्मशाळा' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. आमच्यात दोन जण पदव्युत्तर, एक वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. तरीही आम्ही पोलीस ठाण्याची पायरी चढलो नाही. का? सकाळची गाडी चुकली असती. सहल बिघडली असती. म्हणजे त्या रात्री आम्ही कार्यकर्ते नव्हतो, नुसते पर्यटक होतो.

इथेच बाबासाहेब आठवतात. १९३४ साली चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी सहलीला जायची इच्छा बोलून दाखवली आणि बाबासाहेब तयार झाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असा बेत ठरला. सुमारे तीस जण नाशिकहून बस आणि मोटारी करून निघाले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात ही हकीकत त्यांनी सांगितली आहे. कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. अस्पृश्य पर्यटकाला आडगावी काय भोगावं लागतं, हे ठाऊक असल्यामुळे ओळख झाकूनच फिरायचं ठरलं होतं. तोवर बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आले होते, गोलमेज परिषदेत बोलून आले होते. आणि स्वतःच्या देशात किल्ला पाहायला मात्र लपून निघाले होते!

दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी काठोकाठ भरलेला हौद होता, भोवती फरसबंदी. धुळीने माखलेल्या मंडळींपैकी काहींनी त्यातल्या पाण्याने हातपाय, तोंड धुतलं. मागून एक म्हातारा ओरडत आला, हौद बाटवला म्हणून. जमाव जमला, शिवीगाळ झाली. तो म्हातारा मुसलमान होता, महिना रमजानचा होता. बाबासाहेबांनी जमावाला विचारलं की तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यापासून अडवाल का? जमाव गप्प झाला. अखेर किल्ल्यात सोडलं, पण सोबत एक हत्यारबंद शिपाई देऊन, आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. तेव्हा आपला हिंगोली-परभणीचा मुलूखही त्याच निजामाच्या राज्यात होता. म्हणजे हा दूरदेशीचा किस्सा नाही, घरचा आहे.

संविधानाचं कलम १५(२) वाचा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. ही यादी वाचताना आम्हाला प्रत्येक वेळी तो हौद दिसतो. कलम १९ देशभर मुक्तपणे फिरायचा हक्क देतं. आपल्यासाठी प्रवास ही चैन नाही, तो वापरून पाहायचा हक्क आहे.

यावर दोन बाजूंनी बोलणी बसतात. सवर्ण मित्र म्हणतात, "फिरायला गेल्यावर तरी जात काढू नका." अहो, आम्ही कुठे काढली? खोलीची किल्ली मागितली होती. जात मुनीमाने काढली. दुसरीकडे चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात, "सहली कसल्या करता? समाज जळतोय." त्यांना नम्रपणे एवढंच सांगतो की १९३४ साली समाज याहून जास्त जळत होता. तरी बाबासाहेब वेरूळ पाहायला गेले, कारण आपला इतिहास दगडात कोरलेला आहे आणि तो वाचायला दगडापर्यंत जावं लागतं.

गेल्यावर आपण वाचतो काय, हा खरा मुद्दा आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात बुद्ध बसलेले आहेत, आणि लेण्याचं नाव 'विश्वकर्मा', 'सुताराची झोपडी'. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरची बौद्ध लेणी 'पांडवलेणी' झाली. कार्ल्याच्या चैत्यासमोर एकवीरेचं देऊळ उभं आहे. लेण्याद्रीच्या विहारात अष्टविनायकांपैकी एक गणपती आहे. समाजशास्त्रात जॉन उरी यांनी १९९० साली 'पर्यटकाची नजर' ही कल्पना मांडली. पर्यटकाने काय पाहायचं, हे आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. आपल्या देशात ते कोण ठरवतं, हे वेगळं सांगायला हवं का?

शेजारचं औंढा घ्या. नामदेवांसाठी देऊळ फिरलं, ही चमत्काराची गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो. नामदेवांना देवळासमोरून उठवलं कशासाठी, हे मात्र पुटपुटून उरकतो. नरसी नामदेव आपल्याच जिल्ह्यात. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत आणि त्यातल्या एका पदात हीन जातीचा म्हणून हाकलल्याचं दुःख सरळ मांडलेलं आहे. फाट्यावरून नांदेडला जाणारा पंजाबी यात्रेकरू ते ऐकतो. आपण मराठी माणसं फक्त फिरलेलं देऊळ पाहतो.

आता आपल्या धम्मसहलींबद्दल. आमच्या वस्तीतल्या आज्या बचत गटातून, कापूस वेचणीच्या मजुरीतून पैसे साठवतात आणि पांढरं लुगडं नेसून बुद्धगयेला जातात. त्यांच्या श्रद्धेला आमचा सलाम. पण बस नेणाऱ्या आयोजकांना आणि सोबत जाणाऱ्या शिकलेल्या पोरांना आमचा सवाल आहे. महाबोधी विहार कुणाच्या ताब्यात आहे, हे बसमध्ये तुम्ही एकदा तरी सांगितलंत का?

१९४९ च्या बुद्धगया मंदिर कायद्यानुसार व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. २०१३ च्या दुरुस्तीपर्यंत जिल्हाधिकारी हिंदू नसेल, तर अध्यक्षपदी दुसरा हिंदू नेमायची तरतूद होती. जगभरचे बौद्ध जिथे माथा टेकतात, तिथे बौद्धांना बहुमत नाही. अनागरिक धम्मपाल १८९१ पासून लढले, १९९२ साली भदन्त सुरई ससाई यांनी आंदोलन उभारलं, २०२५ च्या फेब्रुवारीपासून भिक्खू पुन्हा उपोषणाला बसले. आणि आपण बोधिवृक्षाचं पान चौकटीत घालून घरी येतो!

सरकारलाही हेच सोयीचं आहे. महू, दीक्षाभूमी, चैत्यभूमी, दिल्ली, लंडन यांना 'पंचतीर्थ' म्हटलं गेलं. १४ एप्रिल २०२३ ला दिल्लीहून बाबासाहेबांच्या नावाची पर्यटक रेल्वेही सुटली. स्मारकं हवीत, गाड्याही हव्यात. पण ज्याने आयुष्यभर प्रश्न विचारले, त्याला तीर्थ केलं की लोक तिथे फक्त हात जोडतात.

म्हणून आम्ही ठरवलंय. यापुढे फाट्यावरून आमची सहल निघेल ती वही घेऊन. प्रत्येक ठिकाणी चार प्रश्न लिहायचे: ही जागा कुणी घडवली? आज कुणाच्या ताब्यात आहे? आत कुणाला अडवतात? झाडलोट कोण करतं आणि पगार किती मिळतो? खोली नाकारली तर तिथेच तक्रार, गाडी चुकली तरी चालेल. परत आल्यावर पुढच्या पौर्णिमेला विहारात वही वाचून दाखवायची, आज्यांसमोर. आणि सातपैकी निदान तीन जागा मुलींच्या. मागच्या वेळी आम्ही सातही पोरं होतो, हीसुद्धा आमचीच चूक.

देश मोठा आहे, सुंदर आहे, आपला आहे. लपून पाहायचे दिवस बाबासाहेबांनी संपवले. आता नाव विचारलं की पूर्ण नाव सांगा, मोठ्याने सांगा, आणि किल्ली मागा.

जय भीम! नमो बुद्धाय!