सहा दिवसांची परीक्षा

मोटारसायकलींच्या शर्यतींचे नाव निघताच पालकांच्या कपाळास आठ्या पडतात आणि विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात. दोघांचीही समजूत एकच असते की, या खेळात वेगाखेरीज दुसरे काही नाही. ही समजूत अपुरी आहे, असे आमचे मत आहे.

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या आखीव मार्गावरील शर्यत. जागतिक स्पर्धेत ती तीस मिनिटे व वर दोन फेरे इतकीच चालते, आणि दिवसातून दोनदा होते. मधल्या वेळात कारागीर यंत्र ठाकठीक करून देतात. 'इंटरनॅशनल सिक्स डेज एन्ड्युरो' या स्पर्धेचा प्रकार निराळा. १९१३ साली इंग्लंडातील कार्लाइल येथे तिचा आरंभ झाला. रानातून, चिखलातून, दगडधोंड्यांतून रोज कित्येक तास जावे, नेमल्या ठाण्यावर नेमल्या मिनिटास हजर व्हावे, आणि मधल्या कसोटीच्या टप्प्यांत सेकंदासेकंदाचा हिशेब द्यावा, असा तिचा क्रम आहे. हे टप्पे अगोदर पायी चालून पाहता येतात, गाडीवरून नाही. रात्री गाड्या बंद आवारात ठेवतात व तेथे स्वारासही हात लावण्याची मनाई असते. टायर बदलण्यापासून सर्व दुरुस्ती त्याने स्वतः करावयाची. दिवसअखेर त्यासाठी पंधरा मिनिटे मिळतात.

येथे मोटोक्रॉसच्या वीरास काय शिकावे लागते? वेग त्याच्यापाशी असतोच, व तो हवाच; मंद स्वार कसोटीच्या टप्प्यांत मागे पडणार. परंतु पहिल्याच दिवशी दोन सेकंदांच्या लोभाने हाड मोडले, तर पुढचे पाच दिवस फुकट. म्हणून त्यास हात राखून चालण्याचा संयम हवा, न पाहिलेली वाट क्षणात ओळखणारी नजर हवी, आणि थकल्या बोटांनीही पाना चालविण्याचा सराव हवा. हे गुण साधता येतात. अमेरिकेचा रायन साइप्स हा मूळचा मोटोक्रॉसपटू. २०१५ साली स्लोव्हाकियात या स्पर्धेत वैयक्तिक पहिला क्रमांक मिळविणारा तो पहिला अमेरिकन ठरला. आपल्याकडील केरळचा हरिथ नोहा हाही आखीव मार्गावरील राष्ट्रीय विजेता. सुमारे दोन आठवडे चालणाऱ्या डाकार रॅलीत २०२४ साली तो आपल्या वर्गात पहिला आला.

मौज अशी की, सहा दिवसांच्या स्पर्धेतील अखेरची कसोटी मोटोक्रॉसचीच असते! ज्याने पाच दिवस शरीर व यंत्र जपले, त्यासच तेथे आपला खरा वेग दाखविता येतो.

पालकांस आमची विनंती इतकीच की, मुलाच्या सायकलचे पंक्चर त्याचे त्यालाच काढू द्यावे. हात काळे झाले तरी रागावू नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, शर्यतीतील उड्या पाहून टाळ्या अवश्य वाजवा; पण सायंकाळच्या त्या पंधरा मिनिटांत मुकाट्याने टायर बदलणाऱ्या स्वाराकडेही पाहा. तुमच्या वार्षिक परीक्षेसही त्याचाच गुण अधिक उपयोगी पडेल.