विश्लेषण : आकडे बरोबर, मग सूर का चुकतो?

गिटार शिकणाऱ्यांच्या हातात वहीच्या जोडीला आता ‘टॅब’ आली आहे. पण तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत लावलेल्या असतील आणि पानावर तसे लिहिलेले नसेल, तर हीच टॅब शिकणाऱ्याला चकवते. स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय आहे. तो वापरला जात नाही, ही खरी अडचण.

टॅब आणि स्वरलिपीत फरक काय?

पं. विष्णु नारायण भातखंडे मुंबईचेच. जन्म १८६० चा, वाळकेश्वरचा. त्यांनी रूढ केलेल्या स्वरलिपीत ‘ग’ म्हणजे गंधार. मग षड्ज काळी चारचा असो की पांढरी एकचा, आणि वाद्य कुठलेही असो. टॅब स्वर सांगतच नाही. सहा आडव्या रेषा म्हणजे सहा तारा, रेषेवरचा आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर बोट ठेवायचे ते. शून्य असेल तर तार मोकळी. नवख्याला हे सोपे वाटते. मात्र त्या पडद्यावर कोणता सूर निघेल, हे तार कशी लावली आहे त्यावर ठरते.

तारा वेगळ्या का लावतात?

रागानुसार तंबोऱ्याची पहिली तार पंचमात, मध्यमात किंवा निषादात लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच. गिटारच्या तारा सहसा जाडीकडून बारीककडे ई-ए-डी-जी-बी-ई अशा असतात. सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन पडदे उतरवली की डी-ए-डी-जी-ए-डी होते. ब्रिटिश वादक डेव्ही ग्रॅहम यांच्यामुळे १९६० च्या दशकात ही पद्धत गाजली. डी हा षड्ज धरला तर मोकळ्या तारा सा-प-सा-म-प-सा अशा बोलतात. गिटारवर राग वाजवू पाहणाऱ्याला यापेक्षा काय हवे?

गडबड नेमकी कुठे होते?

भूपाचा साधा अवरोह घ्या : सां ध प ग रे सा. या ट्यूनिंगमध्ये त्याची टॅब अशी : पहिल्या तारेवर शून्य, दुसरीवर दोन आणि शून्य, मग चौथीवर चार, दोन, शून्य. नेहमीच्या ट्यूनिंगची गिटार घेऊन कुणी हेच आकडे वाजवले, तर पहिले तीन स्वर छान जमतात, फक्त पट्टी चढी लागते. चौथ्या तारेवर येताच गंधाराच्या जागी रिषभ येतो, रिषभाच्या जागी षड्ज आणि शेवटी षड्जाऐवजी कोमल निषाद. सगळ्याच तारा सारख्या चढ्या असत्या तर चाल टिकली असती. इथे पहिल्या दोन चढ्या आणि चौथी जागच्या जागी, म्हणून भूप मोडतो. विद्यार्थी मात्र आपलाच हात कच्चा समजून तेच आकडे घोटत राहतो.

सॉफ्टवेअर काय करते?

म्यूजस्कोअर हे मोफत, गिटार प्रो विकतचे. दोन्हींत प्रत्येक तारेचा सूर ठरवता येतो. ट्यूनिंग बदलल्यावर आकडे तसेच ठेवायचे की सूर तेच ठेवून आकडे नव्याने मांडायचे, हे मात्र लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. नव्याने मांडले की सूर बरोबर येतात. पण जागा सॉफ्टवेअरने आपल्या हिशेबाने निवडलेली असते. भूपात पंचमावरून गंधारावर मींड घ्यायची तर दोन्ही स्वर चौथ्याच तारेवर हवेत, सातव्या पडद्यावरून चौथ्यावर घसरत. सॉफ्टवेअरने पंचम दुसऱ्या मोकळ्या तारेवर टाकला तर सूर तोच राहतो आणि मींड जाते. टॅबचे खरे मोल इथे आहे. कोणता स्वर कुठल्या तारेवर घ्यायचा, ही गुरूची निवड नुसत्या सरगममध्ये उतरत नाही. त्यामुळे टॅब पोरकट आणि सरगम खरी, हा वाद निरर्थक आहे. दोन्ही एकाखाली एक हवीत. गीताच्या शब्दांसाठी असलेल्या ओळीत देवनागरी सरगम सहज टाइप करता येते.

मग करायचे काय?

पानाच्या माथ्यावर सहा तारांचे सूर, षड्ज आणि कॅपो असल्यास त्याची जागा लिहावी. नुसते छायाचित्र न पाठवता मूळ फाइल द्यावी, म्हणजे विद्यार्थ्याला चाल ऐकून ताडता येईल. प्रभादेवीत रवींद्र नाट्य मंदिराच्या आवारात राज्य सरकारची पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी आहे. तिने असा एका पानाचा मराठी नमुना तयार करून क्लासचालकांसाठी खुला करायला हवा. त्याला ना मोठा निधी लागतो ना नवी इमारत. सतारीसाठी मात्र वेगळे पान करावे लागेल. तिची बाजाची तार मध्यमात असते, पडदे सरकतात आणि मींड पडद्यावर तार ओढून घेतली जाते. गिटारच्या टॅबमधला आकडा तिथे अपुरा पडतो.