चाप किती जड हवा?

गेल्या गणपतीत मंडळाची आरती झाली, प्रसादाची रांग लागली होती. पुढे उभ्या असलेल्या मित्राने वळून हळूच विचारलं, "अरे, तुला गन्समधलं काही कळतं ना?" डॅलसजवळच्या त्याच्या वसाहतीत महिन्याभरात दोन घरफोड्या झाल्या होत्या. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तो बंदुकीच्या दुकानात जाऊन आला होता. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, सिंगल ॲक्शन हवंय, डबल ॲक्शन हवंय की स्ट्रायकर? हा "बघून सांगतो" म्हणून परत आला. मग तीन आठवडे व्हिडिओ बघितले आणि गोंधळ आणखी वाढला.

माझ्याकडे स्वतःचं पिस्तूल नाही. पण ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर दोन-तीन वर्षं अधूनमधून रेंजवर जातो, आणि कुठलंही यंत्र आतून कसं चालतं हे बघायची खोड इंजिनिअरिंगपासून आहेच. म्हणून एका शनिवारी मित्राला घेऊन गेलो आणि तीन प्रकारची पिस्तुलं भाड्याने घेऊन त्याला चालवायला दिली. त्या दिवशी जे त्याला सांगितलं आणि जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहितो आहे. कारण हा प्रश्न विचारणारा तो एकटा नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट. एच-वन-बी किंवा एफ-वनसारख्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंही या बंदीत येतं. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही बंदी नाही. आपल्यातले बरेच जण "टेक्सास आहे, इथे सगळं चालतं" या समजुतीत असतात. एवढ्यावरून ग्रीन कार्डची दहा वर्षांची वाट वाया जाऊ शकते.

आता मूळ मुद्दा. मराठीत आपल्याकडे दोन चांगले शब्द आहेत: चाप आणि घोडा. बोटाने ओढतो तो चाप. मागच्या बाजूला वर उचललेला असतो आणि खाली आपटतो तो घोडा. मुंबईच्या बोलीत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, ते वेगळं. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची गोळी आपोआप नळीच्या तोंडाशी येऊन बसते. प्रकारांमधला सगळा फरक चाप ओढल्यावर किती कामं होतात यात आहे.

सिंगल ॲक्शनमध्ये चाप एकच काम करतो, आधीच उचललेला घोडा सोडतो. जॉन ब्राउनिंगचं १९११ मॉडेल हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. अमेरिकन सैन्याने ते १९११ सालीच स्वीकारलं. भारतात सैन्याकडे आणि पोलिसांकडे दिसणारं, ईशापूरच्या कारखान्यात बनणारं ९ एमएम पिस्तूलही ब्राउनिंगच्याच हाय-पॉवरवर बेतलेलं आणि याच जातीचं आहे. चाप हलका, साधारण दोन किलोचा, आणि प्रवास जेमतेम काही मिलिमीटर. म्हणूनच त्याला अंगठ्याने लावायचा-काढायचा सेफ्टीचा खटका असतो. निशाणा छान लागतो, पण खटका लावायची आणि काढायची सवय हाडात मुरलेली पाहिजे.

डबल ॲक्शनमध्ये चाप दोन कामं करतो, घोडा उचलतो आणि सोडतो. पहिली गोळी झाडताना चाप लांब आणि जड लागतो, साधारण पाच किलो. त्यानंतर सरकणारा वरचा भाग घोडा आपोआप मागे नेऊन ठेवतो, त्यामुळे पुढच्या गोळ्यांना चाप हलका होतो. जर्मनीच्या वॉल्थरने १९२९ मध्ये आणलेल्या पिस्तुलाने ही पद्धत रूढ केली. अमेरिकन सैन्याने १९८५ मध्ये १९११ मॉडेलच्या जागी घेतलेलं बेरेटा याच पद्धतीचं. एकाच पिस्तुलाला दोन वेगळे चाप, ही त्याची अडचण. मित्राची पहिली गोळी कागदाच्या खालच्या कोपऱ्यात गेली, दुसरी अपेक्षेआधीच सुटली. याचाच एक उपप्रकार म्हणजे फक्त डबल ॲक्शन. त्यात प्रत्येक वेळी चाप तसाच लांब आणि जड असतो.

तिसरा प्रकार स्ट्रायकरचा. यात बाहेर दिसणारा घोडाच नाही. आत स्प्रिंगवर ताणलेला एक दांडा असतो, तोच पुढे येऊन काडतुसावर आदळतो. ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉकचं पिस्तूल १९८२ मध्ये तिथल्या सैन्याने स्वीकारलं आणि पुढे जगभरच्या पोलिसांनी उचललं. त्याचा चाप साधारण अडीच किलोचा आणि प्रत्येक वेळी सारखाच. अंगठ्याचा खटका नाही. चापाच्या मध्ये एक छोटी पट्टी असते, बोट तिच्यावर नीट बसल्याशिवाय चाप मागे जात नाही. शिकायला सोपं, म्हणून आज दुकानात नवख्या माणसाच्या हातात बहुधा हेच ठेवतात. अमेरिकन सैन्यानेही २०१७ मध्ये बेरेटाच्या जागी स्ट्रायकर पद्धतीचं सिग घेतलं, पण अंगठ्याच्या खटक्यासह.

मित्राला साहजिकच स्ट्रायकर आवडलं. "मग हेच घेऊ ना? की जड चापवालं जास्त सेफ?" इथे मला माझ्या कामातली एक गोष्ट आठवली. प्रोग्राममध्ये काही पुसायच्या आधी आपण विचारतो, "नक्की पुसायचं?" जड चाप म्हणजे असाच प्रश्न, तो बोटाला विचारला जातो. आणि ज्याने कधी असा प्रश्न स्क्रीनवर टाकला आहे त्याला माहीत असतं, की घाईत असलेला माणूस तो न वाचताच होय म्हणतो.

पोलिसांचे अनुभव बघा. न्यूयॉर्क पोलिसांनी चुकून गोळी सुटू नये म्हणून आपल्या ग्लॉकचे चाप मुद्दाम जवळजवळ १२ पाउंडांपर्यंत, म्हणजे साडेपाच किलोंपर्यंत जड करून घेतले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका मारेकऱ्यावर १६ गोळ्या झाडल्या, त्यात रस्त्यावरचे नऊ जण जखमी झाले. सगळा दोष चापाला देता येणार नाही, पण इतक्या जड चापाने नेम हलतो ही टीका तेव्हा पुन्हा झाली. उलट बाजू लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरिफ खात्याची. त्यांनी बेरेटा सोडून हलक्या चापाची स्ट्रायकर पिस्तुलं द्यायला सुरुवात केली. नवे शिपाई नेमबाजीच्या परीक्षेत सहज पास होऊ लागले, पण चुकून गोळी सुटण्याच्या घटना २०१२ मधल्या १२ वरून २०१४ मध्ये ३० वर गेल्या. जुन्या पिस्तुलावर खपून जाणारी, बोट चापावर ठेवण्याची सवय नव्या पिस्तुलावर खपली नाही.

म्हणजे ज्यांचं हे रोजचं काम आहे, ज्यांचा नियमित सराव होतो, त्यांनाही चाप बदलून एक चूक कमी केली की दुसरी वाढते. मग वर्षातून दोनदा रेंजवर जाणारे आपण कुठे?

घरासाठी पिस्तूल घेणाऱ्याने एक आकडा लक्षात ठेवावा. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका बालरोग नियतकालिकात मुलांच्या बोटांच्या ताकदीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही हातांच्या तर्जनी लावून १० पाउंडांचा, म्हणजे साडेचार किलोंचा चाप ओढू शकणारी मुलं किती? तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी २५ टक्के, पाच-सहा वर्षांच्यांपैकी ७० टक्के, सात-आठ वर्षांच्यांपैकी ९० टक्के. जड चापाचं पिस्तूल मुलांपासून सुरक्षित, हा समज इथे संपतो. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. मित्राची सहा.

दुसरा समज मॅगझिनचा. "मी मॅगझिन काढून ठेवीन, मग काय होणार?" मॅगझिन काढलं तरी नळीत चढलेली गोळी आतच राहते, आणि बऱ्याच पिस्तुलांत ती मॅगझिनशिवायही सुटते. ग्लॉक साफ करायला उघडताना तर चाप ओढावाच लागतो. नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासलं नाही, तर स्वयंपाकघराच्या टेबलावर अपघात होतो.

तिसरी गोष्ट बोलायला जड आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. आपल्या घरांत हायस्कूलमधली मुलं आहेत, ॲडमिशनचं टेन्शन आहे, आणि मन मोकळं करायची सवय आपल्याला कमीच. तिथे चाप दोन किलोचा की पाच किलोचा, याने काय फरक पडतो? फरक पडतो तो पिस्तूल हाताला लागतं की नाही याने.

म्हणून माझं मत असं. चापाचा प्रकार महत्त्वाचा आहे, पण तो पिस्तूल हातात असतानाच्या क्षणांपुरता. ते क्षण वर्षातून काही तासांचे. उरलेलं वर्षभर ते कपाटात असतं आणि तिथे फक्त कुलूप काम करतं. दुकानात आपण चापावर तासभर बोलतो आणि कुलपावर दोन मिनिटं, हे उलटं झालं पाहिजे. आधी कोड टाकून उघडणारी, भिंतीला किंवा फर्निचरला बोल्टने आवळलेली छोटी तिजोरी घ्यायची. मग नवरा-बायको दोघांनी मिळून शिकवणी लावायची. मग पिस्तूल, आणि तेही प्रत्येक वेळी सारखा चाप लागणारं, म्हणजे बोटाला एकच गोष्ट शिकावी लागेल. आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, हा नियम प्रकार कुठलाही असो, तसाच राहतो. एवढा वेळ देता येणार नसेल, तर अलार्म, चांगलं दार आणि शेजाऱ्याचा फोन नंबर हा उपाय मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

परवानाधारक विक्रेत्याने पिस्तुलाबरोबर कुलूप किंवा तसं साधन द्यायलाच हवं, असा कायदा २००५ मध्ये झाला. बऱ्याचदा ती एक केबल असते, आणि बऱ्याच घरांत ती खोक्यातच पडून राहते. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती निष्काळजीपणामुळे भरलेली बंदूक लागली, तर तो आईवडिलांवर गुन्हा आहे. पण कायद्याआधी आपलं घर कसं चालतं ते आठवा. भारतातून आई येते सहा महिन्यांसाठी, आणि पहिल्याच आठवड्यात कपाटं आवरायला घेते. साड्यांच्या खाली ठेवलेलं काहीही तिला सापडतंच.

हे सगळं मित्राला रेंजवरून परतताना सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. पुढच्या शनिवारी मुलीला त्यांच्याकडे खेळायला सोडायला गेलो. विचारायचं होतं, पण जीभ रेटेना. आपल्यात असं विचारणं म्हणजे अविश्वास. वहिनींनीच ओळखलं. म्हणाल्या, "भाऊजी, अजून काही आणलेलं नाही. आणलं तर आधी तुम्हाला दोघांना सांगू, आणि तिजोरीही दाखवू. तोवर दर वेळी विचारा, राग नाही यायचा."

मी आता विचारतो. कुत्रा आहे का, पूलला कुंपण आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे सांगतो-विचारतो तसंच, दारातच. पहिल्यांदा अवघड जातं, दुसऱ्यांदा कमी. तुमच्याही मुलांना पुढच्या वेळी कुणाकडे सोडाल तेव्हा विचारून बघा. आणि तुमच्याकडे पिस्तूल असेल, तर समोरच्याने विचारायची वाट बघू नका.