म्हणे, रक्तातच असावे लागते!

गेल्या भाऊबीजेला ताईच्या घरी ओवाळणी झाली, जेवणे झाली, आणि मंडळी पानाचे तबक मध्ये ओढून ऐसपैस बसली. त्यात नात्याने जरा दूरचे असे एक गृहस्थ होते. आठ दिवसांची जपानयात्रा उरकून ते नुकतेच परतले होते, आणि काशीहून आलेला माणूस जसा घरोघर गंगाजल वाटतो, तसे भेटेल त्याला जपान वाटत सुटले होते. फुजी पर्वत झाला, आगगाडी झाली आणि शेवटी स्वारी रस्त्यांवर आली. "अहो, इतके फिरलो, पण पोटातलं पाणी हललं नाही! एक खड्डा दाखवा आणि हजार रुपये घ्या!" इथवर ठीक होते. परंतु मग त्यांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले आणि निकाल देऊन टाकला, "हे शिकवून येत नाही हो. रक्तातच असावं लागतं. आपल्या लोकांत ते नाही."

साऱ्या बैठकीने माना डोलावल्या. भाऊजींनी मात्र डोलावली नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून ते नुसते ऐकत होते.

त्या काठीची हकीकत थोडक्यात सांगतो. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका संध्याकाळी भाऊजी स्कूटरवरून घरी येत होते. पाऊस नुकता थांबला होता. रस्त्यावर एक डबके दिसले; त्याखाली गुडघाभर खड्डा आहे हे दिसले नाही. खुब्याचे हाड मोडले, दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि चाळीस वर्षे रोज पर्वती चढणारा माणूस जिन्याच्या कठड्याला धरून चालू लागला. पुढे विम्यासाठी पोलिसांचा कागद आणला. त्यावर लिहिले होते की चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने अपघात घडला. मी तो कागद दोनदा वाचला. त्यात भाऊजींचे नाव होते, वय होते, स्कूटरचा क्रमांक होता. खड्डा हा शब्द कोठेही नव्हता.

सणाचा दिवस होता, पाहुणे ताईच्या घरचे होते, म्हणून मी त्या दिवशी गप्प राहिलो. पण ते 'रक्त' तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळते आहे आणि आज दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना थोडा मिरचीचा ठेचाही वाढल्यावाचून मला राहवत नाही.

1956 साली जपान सरकारने अमेरिकेहून तज्ज्ञांचे एक पथक बोलावले. राल्फ वॉटकिन्स हे त्याचे प्रमुख. नागोयापासून कोबेपर्यंत द्रुतगती महामार्ग बांधणे परवडेल काय, हे त्यांनी पाहायचे होते. त्यांनी देश पाहिला आणि अहवालात आरंभीच लिहून टाकले, की जपानचे रस्ते विश्वास बसू नये इतके वाईट आहेत आणि औद्योगिक म्हणवणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही राष्ट्राने आपल्या रस्त्यांची इतकी हेळसांड केलेली नाही. पहिल्या दर्जाचे जे राष्ट्रीय महामार्ग, त्यांच्या शेकडा 77 हून अधिक लांबीवर त्या वेळी डांबर वा काँक्रीट कधी पडलेच नव्हते. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ! आता मला त्या यात्रेकरू गृहस्थांना एवढेच विचारायचे आहे, की 1956 साली जपानी माणसाच्या अंगात कोणाचे रक्त वाहत होते?

रस्ते वाईट का होते, यालाही कारणे होती. तोकुगावा राजवटीत तोकाइदोसारख्या राजमार्गांवर माणसे पायी जात, फार तर मेण्यातून वा घोड्यावरून. चाकाच्या गाड्यांना तेथे जवळजवळ बंदीच होती. पुढे मेइजी काळात, 1872 साली पहिली आगगाडी धावली आणि सरकारचा पैसा व अभिमान रुळांकडे वळला. रस्ता सावत्र लेकरासारखा राहिला. यात जपानी स्वभावाचा काही दोष नव्हता, आणि पुढे जो पालट झाला त्यातही स्वभावाचा मोठासा वाटा नव्हता.

पालट घडवला तो कायद्याने. 1953 साली काकुएई तानाका नावाच्या एका तरुण लोकप्रतिनिधीने पुढाकार घेऊन कायदा करवून घेतला, की पेट्रोलवरील कराचे उत्पन्न रस्त्यांवरच खर्च व्हावे. हे तानाका म्हणजे काही राष्ट्रीय चारित्र्याचा पुतळा नव्हेत. पुढे ते पंतप्रधान झाले, लॉकहीड प्रकरणात 1976 साली त्यांना अटक झाली आणि 1983 साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. परंतु पैशाला वाट काढून द्यावी लागते हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यात जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. 1963 साली मेइशिन महामार्गाचा पहिला तुकडा खुला झाला आणि दोन वर्षांत तो सबंध पुरा झाला. 1974 साली पेट्रोलवर जो जादा कर 'तात्पुरता' म्हणून बसवला, तो अर्धशतकभर तात्पुरताच राहिला! सरकारी 'तात्पुरते' सगळीकडे सारखेच, हे पाहून मला जपानविषयी जरा आपुलकीच वाटली. या राखीव पैशाने नको तेथे नको तेवढे रस्तेही बांधले गेले, चिटपाखरू नसलेल्या खोऱ्यांत पूल उभे राहिले, लोक ओरडू लागले, आणि 2009 साली ती राखीव व्यवस्थाच मोडली. तेव्हा सारे काही सोन्याचे होते असे मी म्हणत नाही.

पण थांबा. पेट्रोलवर कर लावून तो रस्त्यांसाठी राखून ठेवावा, ही अक्कल तरी जपानी रक्तातली असेल? तीही नाही! हिंदुस्थानात 1927 साली रस्तेविकासासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या समितीने पेट्रोलवर जादा कर घेऊन रस्त्यांचा स्वतंत्र निधी करण्याची शिफारस केली आणि 1929 साली तो निधी सुरूही झाला. म्हणजे तानाकांच्या कायद्यापूर्वी जवळजवळ पाव शतक! मग पुढे माशी शिंकली कोठे?

माझ्या मते ती शिंकली ते ठिकाण बांधकामखात्यात सापडायचे नाही. ते न्यायालयात आहे.

जून 1963 मध्ये जपानच्या कोची प्रांतातील 56 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर डोंगरावरून दरड कोसळली आणि एका मालमोटारीत चालकाशेजारी बसलेला कोवळा मुलगा जागीच ठार झाला. आपल्याकडे असे झाले, की आपण 'ईश्वरेच्छा' म्हणतो आणि दहाव्याची तयारी करतो. त्या मुलाच्या आईबापांनी सरकारवर दावा लावला. 1947 च्या एका कायद्यात तशी सोय होती, की रस्ता किंवा सरकारी बांधकाम यांतील वैगुण्यामुळे कोणाचे नुकसान झाले तर सरकारने ते भरून द्यावे. सरकारचे म्हणणे नेहमीचेच, की एवढ्या डोंगराला कुंपण घालायचे तर पैसा कोठून आणायचा? ऑगस्ट 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. रस्त्याला जी सर्वसाधारण सुरक्षितता असायला हवी ती नसेल, तर कोणा अधिकाऱ्याची चूक दाखवून देण्याचीही गरज नाही, सरकार जबाबदार. आणि तिजोरीत पैसा नव्हता ही सबब चालणार नाही!

पुढे 1975 साली दुसरा निकाल आला. एक बिघडलेली मालमोटार रस्त्यावर 87 तास उभी होती आणि एक मोटारसायकलवाला तिच्यावर आदळून मेला. मोटार सरकारची नव्हती. पण न्यायालयाने विचारले, की 87 तास तुमच्या रस्त्यावर काय उभे आहे, हे तुम्हाला कळले कसे नाही? भरा नुकसान!

आता वाचकांनीच विचार करावा, की या दोन निकालांनंतर रस्तेखात्यातल्या कारकुनाची झोप कशी झाली असेल. खड्डा बुजवायला डांबर लागते. न बुजवला तर त्याहून मोठी रक्कम न्यायालयात मोजावी लागते. अशा वेळी माणसाला सद्गुणी व्हावे लागत नाही, बेरीज-वजाबाकी आली म्हणजे पुरते. तेथे रस्त्यांवरून गस्तीच्या पिवळ्या गाड्या फिरताना दिसतात, त्या या हिशेबातून फिरतात.

असा हिशेब सुटला की जपानी रक्तही गोठते, याचा पुरावा त्यांनीच दिला. 2 डिसेंबर 2012 रोजी सासागो बोगद्याच्या छताच्या काँक्रीटच्या लाद्या धावत्या मोटारींवर कोसळल्या आणि नऊ माणसे गेली. बोगदा 1977 सालचा. लाद्या ज्या बोल्टांवर टांगलेल्या होत्या, ते वरचे बोल्ट हातोडीने ठोकून पाहण्याचे काम बारा वर्षांत कोणी केले नव्हते. बाजारात माठ घेताना आपली आजीसुद्धा टिचकी मारून बघते! या अपघातानंतर मात्र त्यांनी नियम बदलला. 2014 पासून देशातला प्रत्येक पूल आणि प्रत्येक बोगदा दर पाच वर्षांनी हात पोहोचेल इतक्या जवळ जाऊन तपासायचा असे ठरले. पूल सात लाखांहून अधिक आहेत. खेड्यातल्या ओढ्यावरची मोरीवजा फरशीही त्यातून सुटलेली नाही.

फुकुओकाच्या हाकाता स्थानकाजवळ नोव्हेंबर 2016 मध्ये तीस मीटर रुंद आणि पंधरा मीटर खोल भगदाड पडले आणि आठवड्यात रस्ता पुन्हा चालू झाला. ही चित्रे आपल्याकडे घरोघर फिरली. भगदाड पडले ते भुयारी रेल्वे खणताना, हे मात्र त्या चित्रांबरोबर कोणी सांगितले नाही. मला त्या आठवड्याहून निराळ्याच गोष्टीचे अप्रूप वाटते. जमीन हलू लागली तेव्हा आतल्या कामगारांनी बाहेर येऊन पहाटेच्या अंधारात आधी रस्ता बंद केला. त्यामुळे खड्ड्यात कोणी मेले नाही. जानेवारी 2025 मध्ये याशिओ शहरात मैलावाहिनी फुटून रस्ता खचला तेव्हा नशीब तसे नव्हते. मालमोटारीचा चालक आत गेला तो गेलाच. खड्डा तेथेही पडतो. पडला की तो कोणाचा, हे ठरलेले असते.

आणि ज्या अमेरिकेने 1956 साली जपानचे कान उपटले, तिचे आज काय? पेट्रोलवरील केंद्रीय कर गॅलनमागे 18.4 सेंट 1993 साली ठरला, त्यात पुढे तीस वर्षे वाढ करण्याचे धाडस कोणाला झाले नाही. 28 जानेवारी 2022 रोजी पिट्सबर्ग शहरात एक पूल प्रवासी बससकट खाली बसला. पुलाची तपासणी होत होती, दुरुस्त्या सुचवल्या जात होत्या, कागद वर्षानुवर्षे फायलीत जात होते. नगरपालिकेने त्यावर केले काहीच नाही. योगायोग असा, की नेमके त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रस्ते-पुलांविषयी भाषण करायला त्या शहरात येणार होते! ही कथा मी मुंबईची म्हणून सांगितली असती तरी कोणी हरकत घेतली नसती.

मालमोटारीच्या आसावर दुप्पट भार घातला तर रस्त्याची झीज दुपटीने होत नाही, सुमारे सोळा पटींनी होते. हे अमेरिकेतच 1958 ते 1960 मध्ये इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर मालमोटारी फिरवून ताडून पाहिले आहे. जपानने आसाची मर्यादा 10 टनांवर धरून ठेवली. आपण 2018 साली चार चाकांच्या आसाची 10.2 वरून 11.5 टनांवर नेली. रक्ताचे म्हणाल तर भार घालणाऱ्याचे, वाहणाऱ्याचे आणि मोजणाऱ्याचे एकच असते. वजनकाट्याला त्याच्याशी काही घेणे नसते.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस मेला तर त्याच्या वारसांना 6 लाख रुपये द्यावे लागतील, जखमी झाला तर जखमेप्रमाणे भरपाई, आणि ती पुढे जबाबदार कंत्राटदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करायची. कोचीच्या निकालानंतर पंचावन्न वर्षांनी आपल्या खड्ड्याला मालक मिळण्याची ही सुरुवात. आता 'आपल्या लोकांत ते नाही' असे म्हणून माना डोलावणाऱ्या मंडळींनी कृपा करून या आदेशाच्या आड येऊ नये. कारण 'रक्तातच नाही' हे वाक्य दिसायला आत्मटीकेचे दिसते, पण कामाला येते ते कंत्राटदाराच्या. दोष रक्ताचा ठरला की बिल कोणाच्याच नावे निघत नाही.

भाऊजींची मुलगी टोकियोत निशी-कासाई भागात असते. आपल्याकडची पुष्कळ मंडळी तेथे आहेत. 2023 साली मी तिच्याकडे महिनाभर राहिलो होतो. एक दिवस टपालपेटीत एक चिठ्ठी आली. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, समोरची गल्ली नळासाठी खणण्यात येईल, गैरसोयीबद्दल क्षमस्व. सोबत गल्लीचा छोटा नकाशा. ठरल्या दिवशी खणले, संध्याकाळी बुजवून डांबरही टाकले; दिवा घेतलेला एक म्हातारा पहारेकरी येणाऱ्या-जाणाऱ्याला लवून वाट देत होता. ती चिठ्ठी मी पुस्तकात घालून घरी आणली होती.

भाऊबीजेच्या त्या रात्री पाहुणे गेल्यावर मी ती भाऊजींना दाखवली. त्यांनी चष्मा लावून तिची दोन्ही अंगे पाहिली. अक्षर अर्थातच कळेना.

"यावर कुणाचं नाव आहे का रे?" त्यांनी विचारले.

"आहे. कामाच्या जबाबदार माणसाचं."

"आणि फोन?"

"तोही आहे, खाली."

भाऊजींनी त्या आकड्यांवर बोट ठेवले आणि बराच वेळ ते उचलले नाही.