समुद्रस्नान आणि सावधगिरी

दिवाळीची सुटी जवळ आली कीं सांगली, मिरज, कुपवाडकडील घरोघरीं कोकणचे बेत सुरू होतात. कोल्हापुरावरून आंबा घाट उतरून गणपतीपुळ्यास गेलें म्हणजे देवदर्शन व समुद्रस्नान हीं दोन्ही एकाच फेरींत साधतात. लेकीसुना, मुलें व वडील माणसें यांनीं चार दिवस मोकळ्या हवेंत घालवावे, हें आम्हांस सर्वथा इष्टच वाटतें. मात्र एक गैरसमज घरींच ठेवून निघावें.

तो असा कीं, ज्यास कृष्णेंत पोहतां येतें त्यास समुद्रांतही येतें. आयर्विन पुलाखालीं पोहणारा किंवा पाठीस भोपळा बांधून विहिरींत शिकलेला मुलगा नदीची ओढ ओळखतो. ती डोळ्यांस दिसते. समुद्राची ओढ तशी दिसत नाहीं. लाटांनीं किनाऱ्याशीं लोटलेलें पाणी परततांना वाळूच्या दांड्यामधील एखाद्या खोल वाटेनें वेगानें आंत जातें. त्या जागीं लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्यास तीच जागा शांत वाटते! तेथें सांपडलेला मनुष्य सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट धरतो, थकतो आणि बुडतो. त्यानें प्रथम तरंगत राहावें, हात उंच करून हांक द्यावी, व शक्ति असल्यास किनाऱ्यास समांतर पोहून ओघाबाहेर पडावें. एप्रिल २०१७ मध्यें मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगांवचे ८ जण बुडाले. त्यांत तरुण विद्यार्थी होते.

पंचांग आपल्या घरीं असतेंच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानानें निघते. अष्टमीस ती सहाच्या सुमारास येते. पुढें रोज भरती सुमारें ५० मिनिटें उशिरां होते. हा हिशेब तासाभरानें चुकूं शकतो, म्हणून रत्नागिरीकडे खारव्यांस व मालवणकडे गाबितांस विचारावें. "आज उतरूं नका" असें ते म्हणाले, तर तोच शब्द अखेरचा मानावा. जेथें जीवरक्षक असतील तेथें लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्येंच उतरावें; केवळ लाल निशाण दिसल्यास मुळींच उतरूं नये. पावसाळ्यांत तर पायही भिजवूं नयेत.

मुलांना हवेचीं चक्रें देऊन निर्धास्त होणें घातक आहे. सकाळीं मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि चक्रासह मुलास आंत नेतो.

एकत्र कुटुंबांत आणखी एक धोका असतो. वाळूवर दहा माणसें बसलेलीं असूनही मूल कोणाच्याच नजरेंत नसतें. कारण दुसरा पाहत आहे असें प्रत्येकास वाटतें. म्हणून पाळी लावावी. ज्याची पाळी असेल त्यानें गप्पा, भेळ व मोबाईल तिन्ही दूर ठेवून, मुलें हाताच्या अंतरावर ठेवावीं.

कोणी बुडूं लागल्यास मागोमाग उडी टाकूं नये; एकास वांचवितांना दुसरा जातो. दोर, काठी किंवा झांकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेकावा, ओरडून स्थानिकांस बोलवावें व ११२ क्रमांकास कळवावें. बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असेल, तर पोट दाबून पाणी काढीत बसूं नये. शिकलेल्या माणसानें तत्काळ तोंडानें श्वास देऊन छाती दाबावयास लागावें. ही विद्या प्रत्येक घरांत निदान एकास तरी यावी. कोकणास निघण्यापूर्वीं ती शिकून घेण्यास अद्याप वेळ आहे.