वाडा मोठा, पण पाणी कुठे?

मैत्रिणींनो, साडी घ्यायला गेलो की आपण दुकानदाराला दहा घड्या मोडायला लावतो. पदर उजेडात नेऊन बघतो, रंग जाईल का विचारतो. आणि इमारत घ्यायला निघालो की हेच शहाणपण घरी विसरतो! अनुभवाने सांगतेय.

आमच्या पारोळ्यातल्या महिला मंडळाकडे अठरा वर्षांच्या पापड-कुरडयांचे आणि वर्गणीचे साडेसहा लाख रुपये साठले. ‘आता स्वतःची वास्तू हवी,’ असं ठरलं. अकरा जणी दोन रिक्षांत बसून एक जुना वाडा बघायला गेलो. सागवानी खांब, नक्षीचा दरवाजा, वर गच्ची. गच्चीवरून आपला भुईकोट किल्लाही दिसला. झालं, सगळ्या पाघळल्या! किंमत चाळीस लाख. ‘उरलेले देणगीतून येतील,’ असं म्हणून संगमरवरी पाटीवर कोणाचं नाव आधी यावं, यावर तिथेच अर्धा तास वाद झाला.

तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकू मागच्या दारातून येऊन म्हणाल्या, ‘‘व माय, आठे पानी कोठे शे?’’

सगळ्या गप्प. नळ नव्हता, विहीर बुजलेली. बायकांचं मंडळ, आणि बाथरूमच नाही! स्वयंपाकाची जागा एवढीशी, की पन्नास माणसांची वरणबट्टी करायची तर बट्ट्या गच्चीवर भाजाव्या लागतील. पुढे कळलं की वाडा एका ट्रस्टचा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टची जागा विकता येत नाही. ती परवानगी कोणी घेतलीच नव्हती, आणि आम्ही इसार द्यायला निघालो होतो.

हसू नका, मोठ्यांचंही असंच होतं. लंडनमध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. किंमत तीस कोटींच्या वर. घेतलं ते योग्यच केलं, त्या वास्तूचं मोल पैशात होत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटनही झालं. पण घर होतं राहण्यासाठीचं, आणि आपल्याला करायचं होतं संग्रहालय. त्यासाठी तिथल्या कॅम्डेन कौन्सिलची परवानगी लागते. शेजाऱ्यांनी तक्रार केली, कौन्सिलने नकार दिला. अपील करावं लागलं, तेव्हा कुठे मार्च २०२० मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे फीत आधी कापली, आणि कागद चार वर्षांनी!

सरकारच्या पाठीशी वकील असतात, खजिना असतो. आपल्या मंडळाच्या पाठीशी कोण? आपले पैसे एकदा अडकले की अडकले. गावोगावची समाजमंदिरं, सभागृहं बघा. उद्घाटनाच्या दिवशी झेंडूच्या माळा, पुढे वर्षभर कुलूप. कारण इमारत ठरवताना कमान किती उंच हे बघितलं जातं. झाडणार कोण, लाइटबिल भरणार कोण, हे विचारत नाहीत. हे प्रश्न बायकांना सुचतात, पण खरेदीच्या बैठकीत आपण असतो चहा द्यायला!

आमच्या काकूंमुळे आम्ही वाचलो. आता दोन साध्या खोल्या भाड्याने घेतल्यात. पाणी आहे, बाथरूमला कडी आहे. सकाळी मुलींची अभ्यासिका, दुपारी शिवणवर्ग. साडेसहा लाख बँकेत शाबूत आहेत. उद्या वास्तू घेऊच, पण आधी कागद बघू, मग पाणी, मग वर्षाचा खर्च, आणि सगळ्यात शेवटी नक्षी.

तुमच्या मंडळातही अशी एखादी काकू असेल. पुढच्या बैठकीत तिला पहिल्या रांगेत बसवा. आणि चहा? तो एखादे दिवशी भाऊसाहेबांना करू द्या!