शिडीपाशी थांबावे
मुले-नातवंडे डोंगरमुक्कामाला निघाली की ज्येष्ठांनी घरीच राहावे, असे नव्हे. खोपोली परिसरातील सहलीसाठी कर्जतजवळचा, फारसा गाजावाजा नसलेला सोंडाई किल्ला निवडता येईल. हिवाळ्यात पायथ्याच्या सोंडेवाडीत मुक्काम करून सकाळच्या गारव्यात निघावे. वाटेवरून मोरबे धरणाचा जलाशय दिसतो. लोखंडी शिडी लागली की आपण थांबावे. चढताना दम लागतो. गुडघ्यांची खरी कसोटी मात्र उतरताना. हाती काठी असावी, पावले आखूड टाकावीत. औषधे जवळच ठेवावीत. छातीत दुखल्यास तत्काळ थांबून मदत घ्यावी. पावसाळ्यात डोंगरमुक्काम टाळावा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली, हे विसरू नये. घरच्यांनीही माथ्याचा आग्रह धरू नये. ज्येष्ठांसोबत कुणी तरी थांबावेच.